पट्टा सैल कर, अमृतप्पा

मु. चिंचवाडी, पोस्ट हुलसूर
१२ नोव्हेंबर १९७८

भीमराज,

शरणु शरणार्थी. दिवाळीला तू बीदरहून येशील म्हणून गौरम्मानं तुझ्यासाठी करंज्या डब्यात राखून ठेवल्या होत्या. तू आला नाहीस. त्या मीच संपवल्या, आता तिचं आणि माझं त्यावरून चालू आहे.

माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत, हे तुला माहीतच आहे. आता इथल्या शाळेत कानडी चालतं, नातवंडांना मराठी अक्षर लागत नाही, त्यामुळे कुणाला सांगून पत्र लिहून घ्यायचीही सोय उरली नाही. तेव्हा अक्षराला हसू नको. पत्र पुरतं वाच, कारण गोष्ट मोठी आहे.

माझा पाय चालला, भीमराज. उजवा.

मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कमरेच्या हाडाखालून सुरू होऊन गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत, आग होते. मिरची वाटलेला हात लावल्यासारखी. मधेच मुंग्या येतात. धोतराचा काठ घासला तरी अंगावर काटा येतो, आणि गंमत अशी की तिथंच चिमटा काढला तर काही कळत नाही. माझीच मांडी, पण कातडी दुसऱ्या कुणाची तरी वाटते. हुलसूरच्या बाजारात तुरीचं पोतं घेऊन उभा राहिलो की वाढतं. बाजेवर गुडघा वर घेऊन बसलो की जरा निवतं.

तुला माझ्या बापाचं आठवत असेल. आधी हात बधिर झाला, मग एक दिवस विहिरीच्या काठावर बसले ते उठलेच नाहीत, अर्धं अंग लुळं. माझंही तेच सुरू झालं आहे असं मला पक्कं वाटतं. आणि चैत्री पुनवेला महादेवाची जत्रा आहे. नंदीकोल आमच्या घराचा. बापानं माझ्या हाती दिल्यापासून मीच उचलतो. पाय गेला तर नंदी कुणी उचलायचा, या विचारानं मला जेवण जात नाही.

कार्तिक लागला तसा दर सोमवारी संध्याकाळी सराव सुरू केला. नंदीकोलाची काठी खळ्यात काढली, कमरेला पट्टा आवळला, पट्ट्याच्या पुढच्या वाटीत काठीचं बूड ठेवलं, आणि तुझी आठवण आली. ते दिवस आठवतात का? काठी घरांच्या वर गेलेली, टोकाला पितळेचा नंदी, दोन्ही अंगांनी दोऱ्या ताणून धरणारे गडी, आणि पुढं तुझी हलगी. तू ठेका धरलास की माझं पाऊल आपोआप पडायचं. ओझं म्हणून वाटायचं नाही. आपण वीस-बावीस वर्षांचे होतो, निजामाचं राज्य होतं, आणि जत्रेच्या दिवशी ते राज्य आहे हेसुद्धा आपण विसरायचो.

तू हलगी सोडलीस तेव्हापासून भालकीचा बँड येतो. त्याचा ठेका लग्नाचा, नंदीचा न्हवे. एवढी वर्षं चुकीच्या ठेक्यावर चाललो, त्यानंच पायाची शीर सरकली असणार. मी खूप विचार करून हे काढलं आहे. तेव्हा या चैत्रात एकदा ये. एकदाच हलगी धर. पाऊल बरोबर पडलं की शीर जाग्यावर येईल. नाही म्हणू नको.

तुझा
अमृतप्पा

*

बीदर
२४ नोव्हेंबर १९७८

अमृतप्पा,

जय भीम. करंज्या तू संपवल्यास हे वाचलं. माझ्या वाट्याचं तूप तुझ्या पोटावर गेलं, आता ते परत मागता येत नाही.

पायाचं वाचून काळजी वाटली. पण हलगी मी धरणार नाही. हे आधी लिहितो, म्हणजे तू खालचं वाचताना आशेवर राहणार नाहीस.

तुला तिचा ठेका आठवतो. मला ती तापवायला पेटवलेला पाचोळा आठवतो, आणि वाजवणं संपल्यावर लांबून पदरात टाकलेली ज्वारी. पाऊस असो, घरात मयत असो, बोलावणं आलं की जायचं. वाजवणं मला आवडत नव्हतं असं नाही. मला हात होता, हे तूही म्हणायचास. पण आवडीचं काम आणि बांधून घातलेलं काम यात फरक असतो. सत्तावन्न साली आम्ही दीक्षा घेतली, तेव्हा माझ्या बापानं हलगीचं कातडं स्वतः फाडलं. माझ्या नातीला हलगी म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि मला त्याचं बरं वाटतं.

त्या वर्षी गावानं आमच्याशी बोलणं टाकलं होतं. तू आमच्या अंगणात येऊन बसलास आणि चहा मागून घेतलास. आई घाबरली होती, तू मात्र म्हणालास, "साखर कमी आहे." ते मी विसरलो नाही. म्हणून हे रागानं लिहीत नाही. सरळ लिहितो.

आता पाय. डेपोत मी वीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. गाडी एका अंगाला ओढत असली तर हॉर्न बदलून ती सरळ चालत नाही. तू बीदरला ये. इथं एक डॉक्टर आहेत, शिवशंकरप्पा नावाचे, आपल्या भाषेत बोलतात. दाखवून घेऊ. लकवा असा मांडीवर चट्टा धरून येतो असं मी तरी ऐकलेलं नाही.

गौरम्मावहिनींना नमस्कार.

भीमराज

*

बीदर
३ जानेवारी १९७९

अमृतप्पा,

महिना उलटून गेला, तुझं उत्तर नाही. कार्डावर जागा थोडी आहे म्हणून एवढंच विचारतो. पाय कसा आहे? आणि रागावलास का? रागावला असलास तर तसं लिही, पण लिही. हुलसूरची गाडी आली की मी अजून स्टँडवर जाऊन उतरणारी माणसं बघतो.

भीमराज

*

मु. चिंचवाडी
११ जानेवारी १९७९

भीमराज,

शरणार्थी. रागावलो नाही. तुझं पत्र मी गौरम्माला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "त्यांना कामून बोलवायलाव? त्यांनी सोडलं ते सोडलं. पाय तुमच्या कमरेखाली हाय, त्यांच्या हातात न्हाई." तुला काय लिहावं ते सुचेना. तुझं बरोबर आहे. मला ठेका आठवला, ज्वारी आठवली नाही. एवढंच लिहायला मला महिना लागला.

दुसरं कारण म्हणजे मी उपचारात गुंतलो होतो.

आळंदकडचा एक हाड बसवणारा बाजाराला येतो. त्यानं माझी कमर चाचपली, डोळे मिटले, आणि सांगितलं की खुबा सैल झाला आहे, खुब्यातून पाय निसटायला बघतो आहे. कमर घट्ट बांधून ठेवा, सैल पडू देऊ नका. मला ते पटलं. घट्ट बांधायला घरात नंदीकोलाच्या पट्ट्याहून दणकट काय असणार? चार बोटं रुंद, आत चामडं, वर जाड कापड. तेव्हापासून मी तो दिवसभर धोतराच्या आतून बांधतो. झोपतानाही काढत नाही. मी श्वास आत ओढतो आणि गौरम्मा मागून पट्टा ओढते. काल म्हणाली, "भोकं संपली. आता पोट कुठं ठिवू, शेजारी न्हेऊन दिऊ का?" हसायचं तर हस.

पण भीमराज, पाय निसटायचा थांबला असेल, आग मात्र वाढली आहे. आधी उभा राहिलो की व्हायची, आता बसलो तरी होते, कुशीवर वळलो तरी होते. रात्री धोतर मांडीवरून बाजूला करून पडतो. मांडीला काही झालं तर बापासारखं बसून राहावं लागेल, हे मनातून जात नाही. काल खळ्यात काठी धरली आणि अर्ध्या वाटेत ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

हाडवाला म्हणतो, आता एकच उपाय. मांडीवर तापल्या सळईनं डाग द्यायचा. महिनाअखेरच्या बाजारी तो येणार आहे. डाग दिला की आग आगीला खाते, असं त्याचं म्हणणं. मी होय म्हटलं आहे. भीती वाटते, पण नंदी उचलायचा तर काहीतरी केलं पाहिजे.

अमृतप्पा

*

बीदर
१७ जानेवारी १९७९

अमृतप्पा,

हे पत्र मिळताच डाग नको म्हणून सांग. बधिर जागेवर डाग घेतलास तर किती भाजलं तेही तुला कळणार नाही, आणि जखम चिघळली तर पाय खरंच जाईल. मी गमतीनं लिहीत नाही.

त्या बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघ. स्टँडवर मी उभा असेन. डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे. मुक्काम माझ्याकडे. सुनेला सांगितलं आहे की एक कुरकुऱ्या म्हातारा येणार, ती म्हणाली, "घरात एक हाय की, त्याला जोडी होईल."

ये. नाही आलास तर मी येऊन तुला गाडीत घालीन.

भीमराज

*

मु. चिंचवाडी
८ फेब्रुवारी १९७९

भीमराज,

शरणार्थी. सुखरूप पोचलो. तुझ्या सुनेनं बांधून दिलेली शेंगाची पोळी भालकी यायच्या आत संपली. तिला सांग, तिच्या हाताला माझ्या आईची चव आहे. तुझ्या अंगणातली जाई, नातीचे पाढे, किल्ल्याकडून येणारा वारा, सगळं मला रोज आठवतं. आणि आपण दोघं ओसरीवर बसून गावातल्या एकेका माणसाचं नाव काढत गेलो, निम्मी तर आता नाहीतच. असं बसणं पुन्हा कधी होईल कोण जाणे.

तू बाहेर बाकावर बसला होतास, म्हणून आत काय झालं ते सगळं लिहितो. त्या दिवशी मी तुला नीट सांगितलं नाही. गर्दीत बोलायला मला सुचत नाही.

डॉक्टरांनी आधी कापूस मांडीवर फिरवला. "कळतंय का?" पुढं कळालं, मागं कळालं, बाहेरच्या अंगाला न्हाई. मग टाचणी. त्यांनी शाईनं त्या जागेच्या कडेनं रेघ ओढली. भीमराज, माझ्या मांडीवर एका तालुक्याचा नकाशा तयार झाला. गौरम्मानं घरी आल्यावर बघितला आणि विचारलं, "ह्यात हुलसूर कुठं आलं?"

मग टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला. म्हणाले, "ताकद उत्तम हाय. लकवा न्हाई." लघवी तपासून साखर नाही हेही सांगितलं. मग कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाखाली, जांघेच्या वर, अंगठ्यानं दाबलं, आणि थेट मांडीत वीज गेल्यासारखं झालं. मी ओरडलो, ते तू बाहेर ऐकलं असशील. ते मात्र खूश झाले. म्हणाले, "हीच जागा." नंतर विचारलं, "कमरेला काही घट्ट बांधता का?" मी म्हटलं, "धोतर." त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं, वजन उतरवा म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

पट्टा मी सकाळीच काढून पिशवीत ठेवला होता. डॉक्टरांसमोर तो अवतार बरा दिसला नसता. आणि खरं सांगायचं तर तो बघून ते नंदीकोलच बंद करा म्हणाले असते. शहरातल्या डॉक्टराला नंदी काय कळणार? म्हणून बोललो नाही. धोतर तर बांधतोच, तेव्हा खोटं काही झालं नाही.

घरी आल्यावर पट्टा पुन्हा बांधला. गोळ्या चालू आहेत. आग तशीच. मला तर शंका येते. लकवा न्हाई हे त्यांनी इतकं हसून कामून सांगितलं? म्हातारा माणूस घाबरेल म्हणून तर नाही? तुला त्यांनी वेगळं काही सांगितलं असलं तर लपवू नको. मला तयारी करायला लागेल.

अमृतप्पा

*

बीदर
१५ फेब्रुवारी १९७९

अमृतप्पा,

लपवलंय कुणी, त्यांनी का तू? पट्टा पिशवीत! ती पिशवी माझ्याच घरात खुंटीला होती. मी तिच्यात तुझ्यासाठी पेरू घातले, तेव्हा खाली काहीतरी जड लागलं, मला वाटलं आहेराचं काहीतरी असेल.

चूक माझीही आहे. जानेवारीतल्या पत्रात तू पट्ट्याचं लिहिलं होतंस, मी ते हसून सोडून दिलं. तुझं हे पत्र आलं तसा ते पत्र घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो मजकूर दोनदा वाचून घेतला. मग टेबलावर हात आपटून हसले. म्हणाले, "मी महिनाभर गोळ्या देत बसलो असतो, आणि हे गृहस्थ रोज रात्री शिरेवर पट्टा आवळून झोपले असते. भोकं संपेपर्यंत!"

आता मला जसं समजलं तसं सांगतो. नीट वाच.

कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आहे ना, जिथं त्यांनी दाबलं, त्याच्या आतून एक शीर मांडीत उतरते. ही शीर पाय चालवत नाही. पाय उचलणं, टाकणं, ओझं पेलणं, यातलं काही तिच्याकडे नाही. मांडीच्या बाहेरच्या कातडीची खबर वर पोचवायची, एवढंच तिचं काम. गाडीत इंजिनाची वायर वेगळी आणि आतल्या दिव्याची वेगळी. दिव्याची वायर पत्र्याखाली चिमटली तर दिवा फडफडतो, पण गाडी हुमनाबादपर्यंत व्यवस्थित जाते. तुझी ती वायर चिमटली आहे. म्हणून आग लागलेली नसताना आगीची खबर जाते, आणि चिमटा काढला तर खबर जातच नाही. तुझ्या वडिलांचं दुखणं डोक्यातलं होतं. हे त्या गावचं नाहीच.

चिमटली कशानं? बाहेरून पट्टा दाबतो, वरून पोट दाबतं, मधे शीर. पोलिसांना होतं, जाड पट्टा बांधणाऱ्या मेस्त्र्यांना होतं, लुगड्याची किंवा परकराची गाठ करकचून बांधणाऱ्या बायांना होतं. आणि तू ती आधीच दुखावलेली शीर दिवसरात्र आवळून ठेवलीस.

काय करायचं तर पट्टा सैल कर, अमृतप्पा. सैल म्हणजे काढूनच ठेव. धोतराची गाठ बेंबीखाली त्या हाडावर येऊ देऊ नको, वर आणि ढिली बांध, नाहीतर घरात लुंगी नेस. फार वेळ एका जागी उभं राहू नको, उभं राहावं लागलं तर एक पाय पायरीवर ठेव. झोपताना गुडघ्याखाली उशी घे. सकाळी नदीपर्यंत सावकाश चालत जा. करंज्या बंद. तूपही. हे डॉक्टर म्हणाले, मी पदरचं घातलेलं नाही. बधिर जागेवर शेक घ्यायचा नाही, कारण भाजलेलं कळत नाही. गोळ्या थोडे दिवस चालू ठेव. एवढ्यानं बहुतेकांचं उतरतं, पण आठवड्यात नाही, महिने लागतात. नाहीच उतरलं तर त्या जागी सुई देता येते. ऑपरेशन क्वचित. आणि पाय लुळा पडला, किंवा लघवीचा ताबा गेला, तर ते दुखणं वेगळं, मग लगेच ये.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं तर जे बांधतोस ते सांग.

भीमराज

*

मु. चिंचवाडी
२ मार्च १९७९

भीमराज,

शरणार्थी. तुझं पत्र गौरम्मानं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. करंज्यांचं वाक्य तिनं पुन्हा वाचायला लावलं. त्याच संध्याकाळी तुपाची बरणी घरातून दिसेनाशी झाली.

पट्टा काढला. पहिले काही दिवस कमर उघडी पडल्यासारखी वाटली, देवळात उघडं गेल्यासारखं. आग लगेच गेली नाही. मी रोज सकाळी मांडी चाचपून बघत होतो आणि रोज गौरम्माला सांगत होतो की डॉक्टर चुकला. पण शिवरात्रीच्या उपासाला ओळखीच्या दहा जणांशी बोलत देवळाबाहेर उभा होतो, एक पाय पायरीवर ठेवून, तू लिहिलंस तसा, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की आग आहे पण ओरडत नाही. बाजूच्या खोलीत कुणी बोलावं तशी. रात्री उशी गुडघ्याखाली घेतो. गौरम्मा म्हणते, "बाळंतिणीवानी झोपायलाव." म्हणू दे तिला काय म्हणायचं ते.

इथपर्यंत चांगलं. आता पुढचं.

पट्ट्याशिवाय नंदी उचलता येत नाही. काठीचं बूड त्यातच बसतं. तू म्हणतोस काढून ठेव. मग मी कोण राहिलो?

भावाचा मुलगा मल्लिकार्जुन आळंदला डाळीच्या मिलमध्ये असतो. दर सोमवारी सरावाला येतो, अंगानं चांगला आहे, पण घट्ट विजार घालून येतो आणि काठी खाली ठेवली की घड्याळ बघतो. त्याच्या हातात द्यायचा?

बापानं मला पहिल्यांदा पट्टा बांधला ती सकाळ मला अजून दिसते. अंगण सारवलेलं, ओलं. कपाळाला विभूती लावताना त्यांचा हात थंड होता. माझ्या कमरेभोवती पट्टा घेतला आणि गुडघा माझ्या पाठीला लावून ओढला. ओढणं झाल्यावर पाठीवर फक्त एक थाप मारली. त्यांनी मला आयुष्यात जवळ घेतलेलं मला तेवढंच आठवतं. तो पट्टा कमरेला असला की ती थाप पाठीवर असते. आता तुला काय सांगू? एका शिरेसाठी हे सोडायचं?

मी ठरवलं आहे. या वर्षी उचलतो. हे शेवटचं. पुढचं पुढं.

अमृतप्पा

*

बीदर
१० मार्च १९७९

अमृतप्पा,

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एका दिवसानं पाय जाणार नाही. पण शीर अजून सुजलेली आहे, ती पुन्हा चिमटली तर जे मिळवलंस ते सगळं जाईल, आणि कदाचित आग कायमची मुक्कामाला राहील. उचल असंही म्हणाले नाहीत, उचलू नको असंही नाहीत. "त्यांना कळलं आहे ना, आता ते बघतील," असं म्हणाले.

तेव्हा मीही काही म्हणत नाही. मी हलगी सोडली ती कुणी सांगितलं म्हणून सोडली नाही, आणि कुणी सांगितलं असतं तर कदाचित हट्टानं धरूनही ठेवली असती. सोडायचं ते माणसानं स्वतःच्या हातानं सोडावं. वडिलांनी फाडलेल्या त्या कातड्याजवळ मी बराच वेळ बसलो होतो. मला वाईट वाटलं होतं, अमृतप्पा. हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. वाईट वाटलं म्हणून ते चूक होतं असं नाही.

जत्रेला मला येता येणार नाही. इथं बाबासाहेबांच्या जयंतीची तयारी आहे, मंडपाची जबाबदारी माझ्यावर आहे. काय झालं ते लिही. जे झालं असेल ते.

भीमराज

*

मु. चिंचवाडी
१६ एप्रिल १९७९

भीमराज,

जय भीम. जयंती चांगली झाली असेल. आता जत्रेचं सांगतो.

पुनवेच्या सकाळी आंघोळ करून विभूती लावली. काठी देवळाच्या पटांगणात आडवी होती, नंदीला झेंडूच्या माळा घातलेल्या. सगळे वाट बघत उभे. मी पट्टा कमरेला घेतला आणि मल्लिकार्जुनाला म्हटलं, ओढ. त्यानं ओढला. त्याच जागी वीज गेली, डॉक्टरांच्या अंगठ्याची.

"काका, किती घट्ट?"

"जरा सैल कर."

त्यानं सैल केला. "आता?"

"आणखी."

"काका, ह्याच्यात काठी ऱ्हाणार न्हाई."

"आणखी सैल कर म्हटलं ना!"

असं करता करता पट्टा माझ्या हातात आला. बँडवाले तोंडाला पिपाणी लावून तसेच थांबले. स्वतःच्या हातानं सोडावं, हे तुझं वाक्य मला आठवलं, आणि माझा हात कुणी धरलेला नव्हता हे मी नीट बघून घेतलं. मग पोराला म्हटलं, "ती विजार काढ आन् धोतर नेस. इजारीवर नंदी उभा ऱ्हात न्हाई." तो लाजला, पण नेसला. मी त्याच्या कमरेला पट्टा बांधला. पाठीला गुडघा लावला नाही. पट्टा आणि पोट यांच्यात दोन बोटं घालून बघितली, हाडावर येऊ न देता वर ठेवला, आणि सांगितलं, "दुखलं तर दाताखाली धरू नकोस. सांग." माझ्या बापानं मला हे सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक नव्हतं.

नंदी उठला. मी बँडच्या पुढं चालू लागलो. काठीखाली असताना खाली वाट बघायची असते, वर बघितलं की तोल जातो. आणि त्याआधी लहानपणी मी बापाच्या पावलांकडंच बघत चालायचो. म्हणून इतक्या वर्षांत मी आमचा नंदी चालताना कधी बघितलाच नव्हता. ध्यानातही आलं नव्हतं की बघितलेला नाही. वेशीच्या वळणावर मांडी कुरकुरायला लागली तसा मी तुमच्या आळीच्या कट्ट्यावर बसलो, पाय वर घेऊन. तुझा चुलतभाऊ ज्ञानोबा तिथंच होता. म्हणाला, "काय अमृतप्पा, आज मोकळा?" मी म्हटलं, "व्हय, मोकळा." त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं.

तेवढ्यात नंदी वळणावर आला. आधी आला घरांच्या वर, एकटाच, खाली माणूस दिसत नाही, काठी दिसत नाही. ऊन त्याच्या पितळी पाठीवर. चिंचेच्या शेंड्याआड गेला, परत निघाला, एकदा डावीकडं झुकला, तेव्हा मी नकळत कमरेला हात नेला. पोरानं सावरलं. मग तो असा चालला, भीमराज, जसं काही खाली गाव नाहीच. मला आपले ते दिवस आठवले. वाटलं, मी खाली घामात होतो तेव्हा वर हे चाललेलं होतं, आणि तुम्ही सगळे ते बघत होता. मला कुणीच सांगितलं नाही. तूसुद्धा नाही. ज्ञानोबाला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "आम्हांला वाटलं तुला ठाऊकच आसंल, तुझाच तर हाय." आम्ही दोघं बराच वेळ हसलो. हसता हसता माझे डोळे भरले. त्यानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मल्लिकार्जुन शेवटपर्यंत नेऊन आला. खाली ठेवल्यावर घड्याळ बघायला त्याला सवड झाली नाही, बायका ओवाळत होत्या.

दिवस कलल्यावर घरी आलो. गौरम्मा दारात होती. मी ओसरीवर बसलो आणि नंदी कसा वळला, कसा झुकला, ज्ञानोबा काय म्हणाला, सगळं तिला सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "आन् पाय?"

मी खाली बघितलं, भीमराज. सकाळपासून तो माझ्याबरोबर होता. मी विसरलो होतो.

अमृतप्पा